बिनपाटीची गाडी

परवा आमच्या फोटोंच्या ग्रुपवर एका नव्या सभासदाने घाटघरच्या भातखाचरांचा फोटो टाकला. फोटो बरा होता. खाली फुलं, जोडलेले हात, उगवता सूर्य, सगळं होतं. आकडे तेवढे नव्हते. मी रोपांना पाणी देत होते, तरी ओल्या हातानेच फोन काढून लिहिलं, 'पाटी कुठाय?' नवा माणूस गोंधळला. 'कसली पाटी?' जुन्यांनी हसण्याची चिन्हं टाकली आणि मला कानडे कंट्रोलर आठवले. एवढं सगळं फोनवर अंगठ्याने लिहिणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून इथे लिहिते.

कानडे मंचरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून गाड्यांची नोंद ठेवायची आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते भोंग्यावरून सांगायचं. लोक त्यांना कंट्रोलर म्हणत. निवृत्त झाल्यावरही ते नाव राहिलं. बायको चिडली की तीही कंट्रोलर म्हणे. बोलायला ते आमच्या भागातल्या कुणाहीसारखेच होते, पण काही महत्त्वाचं सांगायचं असलं की आवाज एकदम भोंग्यातला होई आणि भाषा छापील. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' चहात साखर नसली तरी सुरुवात हीच.

माझी कळंबला रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, शेवंती. पानावर रोग दिसला की फोटो काढून जाणकाराला पाठवावा लागतो आणि मोबाईलवर पानाचा रंग दर वेळी वेगळाच येई. म्हणून मी एक जुना कॅमेरा घेतला. तो मला विलासने मिळवून दिला. विलासचं मंचरला सलून आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो पक्ष्यांच्या मागे फिरतो. त्यानेच मला ग्रुपवर घेतलं. तिथला रिवाज असा, की दर रविवारी प्रत्येकाने आठवड्यातला आपला सगळ्यात आवडता एकच फोटो टाकायचा. मी करपा आलेलं टोमॅटोचं पान टाकलं. आठवडाभर मी दुसऱ्या कशाकडे पाहिलंच नव्हतं.

लगेच कंट्रोलरचा फोन आला. ओळख ना पाळख.

"ताई, पान झ्याक आलंय. पण आकडे कुठंयत?"

"कसले आकडे?"

"शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ. आकड्यांबिगर फोटो म्हंजे बिनपाटीची गाडी. कुठनं आली, कशी आली, मागच्या माणसाला कळाय नको?"

मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. मग कंट्रोलरनी मला फोनवरच शिकवलं. "शटर म्हंजे दार किती येळ उघडं. अ‍ॅपर्चर म्हंजे दार केवढं उघडं. अन् आयएसओ म्हंजे अंधारात किती कोंबायचं. लई कोंबलं की आत कालवा व्हतो. फोटोत दाणे दाणे दिसत्यात न्हाई का, तो कालवा." फोन ठेवताना आवाज बदलला. "कळंब रोपवाटिकेच्या ताईंनी आपले आकडे त्वरित जमा करावेत."

ते आकडे कधी दडवत नसत. काही लोकांना वाटतं, आपली युक्ती सांगितली तर दुसरा तोच फोटो काढेल. कंट्रोलर म्हणायचे, "काढंना का! रस्ता काय माज्या बापाचा हाय?"

एकदा आम्ही सगळे भल्या पहाटे घाटघरला गेलो. भात पोटरीला आलं होतं आणि वर धुकं एवढं दाट, की पुढचा माणूस दिसेना. सगळ्यांनी एका घराच्या पडवीत बसून पोहे खाल्ले. कंट्रोलर बसले नाहीत. ते कुठेच बसत नसत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, खांद्यावर टॉवेल, हातात स्टीलचा थर्मास असे बांधावर उभे. विलास कंटाळून म्हणाला, "कंट्रोलर, चला राव. आज काय उजेड येत नाय."

"विलासराव, गाडी रद्द झाल्याचं कंट्रोलरनं सांगायचं असतं. परवाशानं न्हाई."

आणि खरोखरच धुकं मध्येच फाटलं, एका खाचरावर ऊन पडलं. कंट्रोलरनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी मागे वळून भोंग्यासारखे आकडे ओरडून सांगितले, म्हणजे आम्हा सगळ्यांना कॅमेरे लावता यावेत. आम्ही पडवीतून उड्या टाकून पळालो, फोटो काढले. त्यांनी डोळा लावला तोवर ऊन गेलं होतं.

"तुमची गाडी भरली ना सगळ्यांची?" ते म्हणाले. "झालं तर." आणि थर्मासमधला चहा ओतला.

यानंतर काही काळाने त्यांच्या फोटोंचा रंग बदलायला लागला. डिंभे धरणाचं पाणी, बगळे, ढग, कळंबचा आठवडे बाजार, सगळ्यावर निळी झाक. उजेडही जास्त, फोटो धुऊन वाळत घातल्यासारखे. आकडे नेहमीप्रमाणे खाली असायचे. विलासने दार जेवढा वेळ उघडं ठेवलं असेल त्याच्या चौपट वेळ कंट्रोलरचं उघडं. ते कुणी वाचलं नाही असं नाही. वाचलं आणि कौतुक केलं. विलासने लिहिलं, 'काय नजर आहे राव!' कुणीतरी त्या रंगाला 'कंट्रोलर निळा' असं नाव दिलं. मग सगळ्यांनी आपापल्या कॅमेऱ्यातला रंगाचा कल थंडीकडे फिरवला. दोन-तीन महिने आंबेगाव आणि जुन्नर हे दोन्ही तालुके आमच्या ग्रुपवर बर्फात होते. विलासने कुणाच्या तरी हळदीचे फोटो त्याच रंगात काढले, तर हळद हिरवी आणि नवरी आजारी. नवरीच्या आईने सलूनमध्ये येऊन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "माझ्या पोरीला साप चावलाय का रं मुडद्या?"

मला कामासाठी खरा रंग लागतो, त्यामुळे मी त्यात पडले नाही. निवृत्त माणसाला काहीतरी वेगळं करावंसं वाटतं, करू दे, असं वाटलं.

त्याच सुमाराला त्यांचा वाचायचा चष्मा सुटला. आम्ही कुणीही घरी गेलो की ते औषधाची पट्टी घेत आणि त्यावरची मुंगीएवढी अक्षरं बिनचष्म्याची वाचून दाखवत. "बगा! ह्या वयात नंबर उतरला. रोज तळपायाला तेल लावतो, त्याचा गुण." इंदूकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, आतून म्हणत, "त्या तेलानं माज्या चादरी गेल्या, तेवढं बी सांगा."

आणि एक दिवस कळंबच्या फाट्यावर आम्ही दोघं उभे होतो. मंचरकडून गाडी येत होती. ते हळूच म्हणाले, "ताई, पाटी काय हाय हो हिची?"

"तुम्हाला नाही दिसत?"

"ऊन हाय ना समोर."

ऊन आमच्या पाठीवर होतं. मी 'नारायणगाव' म्हटलं, ते चढले, मी माझ्या खताच्या पिशव्या उचलल्या.

ग्रुपचा आणखी एक रिवाज होता, तो कंट्रोलरनीच पाडलेला: अदलाबदल. कुठेही गेलो की एकदा सगळ्यांनी आपला कॅमेरा डावीकडच्याला द्यायचा आणि हातात आलेल्या कॅमेऱ्यावर एक फोटो काढायचा. "दुसऱ्याच्या ताटात जेवल्याबिगर आपलं मीठ कळत न्हाई," असं ते म्हणत. डिंभे धरणाच्या काठावर गेलो तेव्हा त्यांचा कॅमेरा माझ्याकडे आला. मी डोळा लावला तर आत नुसता वाफारा. मासेमारीची होडी समोर होती, ती भिजलेल्या कापसासारखी. मी ओढणीने काच पुसली. पुन्हा तेच. मागचा पडदा पाहिला तर एवढा लख्ख, की माझे डोळे मिटले. डोळा लावायच्या जागी एक बारीक चाक असतं, ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवायला. ते पार शेवटाला नेऊन ठेवलेलं होतं. मी ते मागे आणलं. होडी स्वच्छ दिसली, वल्ह्यावरून गळणारं पाणीसुद्धा. कॅमेऱ्यात काही बिघाड नव्हता. फोटो तर नेहमी धारदार यायचे, कारण फोकसचा नेम कॅमेरा स्वतःच धरतो. त्याला माणसाच्या डोळ्याची गरज नसते.

मी फोटो काढून कॅमेरा परत दिला. त्यांनी डोळा लावला आणि लगेच कॅमेरा खाली घेतला.

"चाक कुणी फिरवलं?"

"मी. मला दिसत नव्हतं."

"चाकाला हात लावायचा न्हाई."

हा आवाज भोंग्यातला नव्हता आणि नेहमीचाही नव्हता. विलास हसला, "कंट्रोलर तापले!" मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. चाक पुन्हा शेवटाला न्यायला त्यांना जमत नव्हतं.

टेम्पो चालवत घरी येताना मी हिशेब लावला. चाक, पाठीवरचं ऊन, निळे ढग, सुटलेला चष्मा. मी रोपं सांभाळते. एका पानावर डाग दिसला तर नुसती बघते. चार पानांवर दिसला तर ट्रे बाजूला काढते. शिवाय हा माणूस अजून जुन्या स्कूटरवरून घाटघरला जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीभर शेवंती घेऊन त्यांच्या घरी गेले. पांढरी आणि फिकी पिवळी, एकत्र. म्हटलं, "कंट्रोलरसाहेब, काकूंना पूजेला पांढरी हवीत. तेवढी निवडून द्या."

ते निवडायला बसले. एरवी ते 'मला काय कामाला लावता' म्हणत उठले असते, पण नाही म्हटलं तर का म्हटलं हे सांगावं लागलं असतं. एकेक फूल डोळ्याजवळ नेऊन, विचार करून त्यांनी दोन ढीग केले. काकू चहा घेऊन आल्या. ढिगांकडे पाहून उभ्याच राहिल्या. दोन्ही ढिगांत पांढरी होती, दोन्ही ढिगांत पिवळी होती.

"दिवाळीपास्नं मी पांढरी मागती अन् हे पिवळी आणत्यात," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मला वाटलं, माजं ऐकत न्हाईत. त्यात नवीन ते काय."

"दोन ढीग केल्यात की," कंट्रोलर म्हणाले.

"दोन्ही सारखेच आहेत," मी म्हटलं. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी टेम्पो आणलाय."

"मी येनार न्हाई."

"का?"

त्यांनी टॉवेलने हात पुसले. बराच वेळ पुसले. "आमच्या दादांचं डोळं काचबिंदूनं गेलं. मी धरून फिरवलंय त्यांना, पार परसाकडंसुदिक. डॉक्टर म्हनले व्हते, गेलेली नजर माघारी येत न्हाई. माजं बी तेच चाललंय, मला म्हाईत हाय. म्हनलं, दिसतंय तवर काढून घ्यावं. तिथं जाऊन काय ऐकायचं? गाडी रद्द झाली, हेच ना?"

"रद्द झाल्याचं कंट्रोलरने सांगायचं असतं, प्रवाशाने नाही. तुम्हीच सांगितलंत विलासला. इथे कंट्रोलर डॉक्टर आहे. चला."

ते काही बोलण्याआधी काकूच म्हणाल्या, "थांब गं, लुगडं बदलून आले." म्हणजे ठरलं.

नारायणगावच्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत औषध घालून आम्हाला बाहेर बसवलं. सगळे बसले, कंट्रोलर भिंतीला टेकून उभे. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि ते डोळे मिटून आवाजावरून ओळखत होते. "ही नाशिक. ही आपली, जुन्नर डेपोची. गिअर अडकतोय हिचा." कुणी विचारलं नव्हतं. तोंड चालू ठेवायचं होतं एवढंच. काकूंनी त्यांची चप्पल उगाचच सरळ करून ठेवली.

डॉक्टर वयाने माझ्या पुतणीएवढी. तिने यंत्राला हनुवटी लावायला लावली, डोळ्यांचा दाब पाहिला, दिवा लावून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं. ते पुन्हा पाहणं मला आवडलं नाही. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "बाबा, काचबिंदू नाही."

"न्हाई म्हंजे?"

"नाही म्हणजे नाही. दाब व्यवस्थित आहे, मागची नस चांगली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. काढून भिंग बसवू."

"मोतीबिंदू? निस्ता?"

"नुस्ता. घरात काचबिंदू होता म्हणताय, तर वर्षातून एकदा दाखवत जा. पण आज तो नाही."

कंट्रोलरना अजून पटेना. "पण माजा चष्म्याचा नंबर उतरला व्हता वो."

"मोतीबिंदू पिकताना पुष्कळांचं तसं होतं. जवळचं दिसायला लागतं, लांबचं जातं. लोक खूश होतात."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "तळपायाला तेल म्हनं!"

कंट्रोलर बाहेर आले. औषधाने बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोरचं धड काही दिसत नसणार. डोळ्यांवर पट्ट्या लावून बसलेल्या माणसांसमोर ते ताठ उभे राहिले आणि त्यांचा तो आवाज लागला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. रद्द समजण्यात आलेली गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल." बाकावरच्या एका म्हातारीने दचकून पिशवी उचलली आणि विचारलं, "कुठली, ओतूरची का?"

मी बाहेर जाऊन गाड्यावर दोन वडे खाल्ले. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे तेव्हा कळलं.

आधी उजवा डोळा झाला. डाव्याला अजून अवकाश होता, त्या काळात कंट्रोलरनी सगळ्यांना वैताग आणला. एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. "ह्या डोळ्यानं कापूस, त्या डोळ्यानं हळद! ह्यानं कापूस, त्यानं हळद!" भिंत पाहून झाली, दूध पाहून झालं, स्वतःचा शर्ट पाहून झाला. मग काकूंकडे नीट पाहिलं. "अगं, तुजं केस एवढं पांढरं कवा झालं?"

"तुमचं लक्ष नव्हतं तवा."

डॉक्टरनी फोन बघायची परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी ग्रुपवरचे आपले सगळे जुने फोटो उघडले. मग बोललेला निरोप आला, तो आमच्यापैकी पुष्कळांनी अजून जपून ठेवलाय. "सर्व सभासदांनी लक्ष द्यावे. वरीसभर मी नीळ घातलेली धोतरं वाळत घालत व्हतो अन् तुमी 'वा कंट्रोलर, वा कंट्रोलर' करत व्हता! एकालाबी तोंड न्हाई? खाली आकडे घालत व्हतो ना मी? कशाला घालत व्हतो? वाचायला! विलासराव, तुमी तर फ्रेम केली!"

विलासने खरंच एक फोटो मोठा करून सलूनमध्ये लावला होता, डिंभ्याच्या निळ्या बगळ्यांचा. कंट्रोलरनी तो काढायला सांगितलं. विलास म्हणाला, गिऱ्हाइकांना आवडतो, थंड वाटतं. शेवटी कंट्रोलर त्याच्याखालीच बसून केस कापून घ्यायला लागले, आरशाकडे पाठ करून.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला सगळं पिवळं दिसायचं, तर फोटोतही तसंच दिसायचं ना? मग निळं कशाला करत होता?"

ते म्हणाले, "दिसत व्हतं तसं न्हाई करत व्हतो ताई. आठवत व्हतं तसं करत व्हतो. ढग पांढरा असतो हे ठावं व्हतं. मग पांढरा दिसंस्तवर रंग फिरवायचा."

मी त्यांना मिरचीची चार रोपं दिली.

दुसरा डोळा झाल्यावर ते पुन्हा घाटघरला जायला लागले. रविवारी फोटो, खाली आकडे. कुणी 'वा' म्हटलं की उलट प्रश्न, 'वा कशामुळे ते लिहा.' पुढे काकूंचे गुडघे धरले आणि मुलीने दोघांना नाशिकला बोलावलं. मुलगी गाडी पाठवते म्हणत होती. कंट्रोलर म्हणाले, एसटीनेच येईन.

निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे कळंबला मुक्कामाला होते, म्हणून सकाळी फाट्यावर मी आणि विलास सोडायला गेलो. काकू बॅगेवर बसलेल्या, ते उभे. लांब वळणावर एक लाल ठिपका दिसला. विलासने डोळ्यांवर हात धरला. मीही चष्मा सारखा केला. मला काही वाचता येईना.

"नाशिक," कंट्रोलर म्हणाले. "पाटी जरा वाकडी लावलीय. वायपर एकच हाय."

गाडी जवळ आली. नाशिक. पाटी वाकडी. वायपर एक. विलासने मला कोपराने ढोसलं. मी बॅगा वर चढवत होते आणि ड्रायव्हरला ओरडून सांगत होते, की बाईंचे गुडघे दुखतात, जरा दम धरा. कंट्रोलर पायरीवर चढले, वळले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुटपुटले, "लक्ष द्या." गाडी सुटली. मला त्यांचा हात दिसला, मग नुसती मागची काच.

रविवारी त्यांचा फोटो आला. त्यात मी आहे, तोंड उघडं, हात वर, कुणाशी तरी भांडत असल्यासारखी. विलास माझ्या मागे डोळे मिटून. आम्हा दोघांपैकी कुणीही चांगलं आलेलं नाही. पण विलासचा शर्ट पांढरा आहे, फाट्यावरच्या चहाच्या टपरीतलं दूध पांढरं आहे. खाली तीन आकडे आहेत. मी ते नीट वाचले, आणि मग लिहिलं, 'उजेड बरोबर. माझं तोंड सोडून सगळं बरोबर.'